लाल सुतळीचं पोतं: लासूर, पैठण आणि पुन्हा लासूर

दिवाळीच्या फराळाचे उरलेले डबे आवरत होते तेव्हा धाकट्या भावाचा, दत्ताचा फोन आला. चार दिवस काढून ये, म्हणाला. माशांच्या औषधाचं विचारायला शहरात आणि पैठणला जायचंय, तू सोबत लागतेस. मी म्हटलं, अरे बाबा, मी शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, मासे नाही. त्यावर त्याचं म्हणणं असं की मास्तरीण ती मास्तरीण, पुड्यावरचं इंग्रजी तर वाचशील.

या ब्लॉगवर तुम्ही माझ्यासोबत किल्ले चढलात, लेणी पाहिलीत, एकदा चुकीच्या घाटात उतरलात. या खेपेचा प्रवास माशांच्या प्रतिकारशक्तीच्या शोधातला आहे. आधीच सांगून ठेवते, मी गेले तेव्हा गोंधळलेली होते आणि परतले तेव्हा जास्त गोंधळलेली. एसटी, रस्ते आणि जेवणाची माहिती पक्की आहे. माशांबद्दलची तुमच्या जबाबदारीवर घ्या.

नाशिकरोडहून सकाळची गाडी धरली की दुपारच्या जेवणाला लासूर स्टेशन. मनमाडनंतर डबा बराच रिकामा होतो, खिडकी मिळते. दोन्ही बाजूंना कपाशी वेचणीला आलेली आणि कांद्याची रोपं नुकती लागलेली. स्टेशनात उतरल्यावर बाहेर चहा प्या, गुळाचा मागा, चांगला देतात. तिथून आमचं शेत दत्ताच्या मोटारसायकलवर थोड्याच अंतरावर आहे, पण शेवटचा तुकडा पांदीचा. पावसाळा संपून इतके दिवस झाले तरी चिखल अजून हलायला तयार नव्हता, त्यामुळे साडी वर खोचून मागे बसले.

आता प्रकरण काय ते सांगते. दत्ता वाळूजला एका कंपनीत होता. ती नोकरी सोडून त्यानं शेतात दोन शेततळी केली, एक मोठं, एक धाकटं, मध्ये एकच बांध. तळाशी काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यात रोहू आणि कटला सोडलेले. गेल्या हिवाळ्यात थंडी पडली आणि माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, कल्ल्यांशी जखमा झाल्या, पर झडले. मग रोज सकाळी पांढरी पोटं पाण्यावर. जवळजवळ सगळी खेप गेली. सुनंदानं, म्हणजे माझ्या भावजयीनं, तेव्हा एक शब्द काढला नाही. यंदा दत्तानं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, जरा कमीच सोडली, आणि ती सोडताना मात्र तिनं स्पष्ट सांगितलं होतं की ही खेप जगली तर तळं, नाही तर परत वाळूज. दत्ताचा कंपनीतला तीन कप्प्यांचा डबा स्वयंपाकघराच्या फळीवर आहे. कुणी वापरत नाही, तरी सुनंदा तो दर आठवड्याला घासून ठेवते. मी विचारलं तर म्हणाली, "असू द्या आक्का, लागला तर हाताशी असावा." दत्ता त्या फळीकडे बघणं टाळतो, हे मला पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

जेवायला सगळे ओसरीत ओळीनं बसलो. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, तुरीचं घट्ट वरण. आमच्यात पाण्याची मोटार दुरुस्त करायला आलेला मेकॅनिकही होता. सुनंदानं माहेरवाशीण म्हणून माझ्या वरणावर तुपाची धार जरा जास्त सोडली. माय, म्हणजे आमची आई, तिथंच उठली. तुपाचं भांडं तिच्या हातातून घेतलं आणि मेकॅनिकपासून सुरुवात करून प्रत्येकाच्या वरणावर तेवढीच धार घातली. पंगतीत एकाला जास्त, एकाला कमी वाढणं मायच्या लेखी चोरीहून वाईट. लहानपणी मला आणि दत्ताला ती एकच लाडू सुरीनं कापून द्यायची आणि कुठला अर्धा मोठा म्हणून आम्ही भांडलो की दोन्ही अर्धे गायीला जायचे. मेकॅनिक मात्र खूश झाला आणि मोटार त्यानं खरोखर नीट केली.

मायच्या गळ्यात माळ आहे. मासा तिनं जन्मात खाल्ला नाही, घरात शिजू दिला नाही. सुनंदाला हौस आलीच तर गोठ्यामागं वेगळी चूल आहे, वेगळा तवा आहे. आणि तरी रोज सकाळी तळ्यावर जाऊन माशांना खाद्य टाकायचं काम मायचंच. दत्ता त्या वेळी कांद्याला पाणी देत असतो. मी मायला विचारलं की तुला हे चालतं कसं. ती म्हणाली, "जाईपर्यंत आपल्या दारचे हायेत ना. दारचा जीव उपाशी ठेवायचा व्हय?" जातात कुठं आणि कशाला, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी दत्तानं जाळं टाकून चार मासे काढून दाखवले. तीन चांगले, चकचकीत. चौथ्याच्या शेपटीशी टिकलीएवढा लाल डाग. दत्तानं मोबाइलवर त्या डागाचा फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी शहर. लासूरहून एसटी मिळते, बायकांना तिकीट अर्धं, जागा मात्र पूर्ण मिळेलच असं नाही. बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर, शेजारच्या आजोबांच्या तोंडी औरंगाबाद आणि कंडक्टर ज्याला जे समजेल ते सांगत होता. गंगापूरवरून गेलात तर वाळूज लागतं. कंपन्यांच्या भिंती सुरू झाल्या तसा दत्ता मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

शहागंजच्या बाजूला जुन्या बाजारात माशांच्या खाद्याचं एक दुकान आहे. मालक रशीदभाई, पांढरी दाढी, चष्मा कपाळावर. त्यांनी दत्ताच्या मोबाइलमधला फोटो बघितला आणि तिथल्या तिथं निदान केलं, "मियाँ, इनकी ताकत कम हो गई, बस." ताकद वाढवायला त्यांनी आधी लसूण सांगितला, ठेचून खाद्यात. मग हळद. मग एक पुडा काढला. पुड्यावर इंग्रजी होतं, म्हणजे माझं काम आलं. मी वाचलं तर आत जिवाणू होते. जिवंत. मी म्हटलं, रशीदभाई, माशांना जो रोग झालाय तोही जिवाणूंचाच ना, मग हे आणखी जिवाणू कशाला? ते म्हणाले की ते बदमाश, हे शरीफ. शरीफ आधीच जाऊन बसले की बदमाशांना जागा उरत नाही. ऐकायला ठीक होतं. पण आत गेल्यावर कोण कोण आहे हे माशाला कसं कळायचं, हे काही मला समजलं नाही, आणि खरं सांगायचं तर रशीदभाईंनाही समजलेलं दिसलं नाही.

तिथून एका निवृत्त पशुवैद्यांकडे गेलो. दत्ताच्या ओळखीचे, सिडकोत राहतात. त्यांनी चहा दिला आणि रशीदभाईंचं सगळं खोडून काढलं. लसूण-हळद म्हणजे मनाचं समाधान. मासे आजारी पडतात ते घाण पाण्यानं आणि दाटीनं, तळ्यात चुना टाका, मासे कमी करा, क जीवनसत्त्व द्या. दत्तानं विचारलं, प्रतिजैविक देऊ का? त्यावर ते चिडले. उठसूट ते दिलं तर जिवाणू निगरगट्ट होतात, म्हणाले. मग लस? लस असते, पण तळ्यातल्या हजारो माशांना एकेक टोचणार कोण, आणि खाद्यातून द्यायची ती आपल्याकडे सहज मिळत नाही. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा मात्र म्हणाले, लसूण देऊन बघायला हरकत नाही.

एव्हाना माझं डोकं दुखायला लागलं होतं. शहरात जाऊन डोकं दुखलं तर उपाय एकच, नान खलिया. जुन्या शहरात, मोठ्या तांब्याच्या भांड्यासमोर गर्दी दिसेल तिथं घुसा. पिवळाधमक मऊ नान, वर तर्री आलेला मटणाचा रस्सा, दोघांचं पोट भरतं आणि खिसाही फार हलका होत नाही. घरी मायला सांगायचं नाही एवढाच नियम. दत्ता जेवता जेवता म्हणाला, "आक्का, मला लई कळत नाय, पण हे सगळे खरं बोलत असतील तर मी काय करू?" मी आणखी एक नान मागवला.

तिसरा दिवस पैठणचा. मध्यवर्ती बसस्थानकावरून पैठणच्या गाड्या वरचेवर असतात. चितेगाव, बिडकीनवरून रस्ता सरळ जातो, कामं सुरू असतील तर धूळ खावी लागते, रुमाल ठेवा. पैठणीचे माग बघायचे असतील तर सकाळीच जा. मी एका मागावर जरा रेंगाळले, एक मोर अर्धा विणून झाला होता, पण दत्तानं घाई केली. घाटावर यात्रेकरू माशांना मुरमुरे टाकत होते आणि मासे अंगावर अंग टाकून ते खात होते. दत्ता म्हणाला, बघ, यांना कोण चुना टाकतंय, कोण लसूण देतंय, आणि कसे धडधाकट आहेत. मग स्वतःच म्हणाला, पण इथं अख्खी गोदावरी आहे.

धरणाच्या बाजूला एका खासगी बीज केंद्रावर आमची गाठ पडली तिथल्या बाईंशी. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही म्हणते. पायात गमबूट, ओढणी कमरेला बांधलेली. त्यांनी आम्हाला एक भुकटी दाखवली, यीस्टच्या पेशींच्या सालीपासून केलेली. ही रोग मारत नाही, म्हणाल्या. रोग यायच्या आधी द्यायची. माशाच्या शरीराला वाटतं शत्रू आला, पहारेकरी जागे होतात, आणि खरा शत्रू येतो तेव्हा ते आधीच उभे असतात. मला हे पटलं. पहिल्यांदाच काहीतरी पटलं म्हणून मी खूश झाले. तोच त्या म्हणाल्या की सतत दिली तर पहारेकरी दमतात आणि उलटं होतं, म्हणून थोडे दिवस द्यायची, थोडे दिवस थांबायची. दत्तानं विचारलं की हिनं फरक पडेल ना. मॅडम म्हणाल्या, "आमच्या टाक्यांत पडला. तुमच्या तळ्यात पडेल का, ते तुमचं तळंच सांगेल."

आणि मग त्यांनी युक्ती सांगितली. तुमची दोन तळी आहेत, एकाच वयाचे मासे आहेत. एका तळ्याला भुकटी लावलेलं खाद्य द्या, दुसऱ्याला साधं. बाकी सगळं सारखं ठेवा. थंडी संपली की कळेल. दत्ताचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदा कुणीतरी असा रस्ता दाखवला होता ज्याच्या शेवटी उत्तर होतं. परतीच्या बसमध्ये तो मला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावत होता आणि मीही पुन्हा पुन्हा मान डोलावत होते.

घरी येऊन त्यानं पशुवैद्यांच्या सांगण्यावरून दोन्ही तळ्यांत चुना टाकला, मग तेलाचा हात लावून भुकटी खाद्यात कालवली, सावलीत वाळवली, पोत्यात भरली आणि तोंडाला लाल सुतळी बांधली. साध्या पोत्याला पांढरी. मायला समोर बसवून सांगितलं, लाल सुतळीचं मोठ्या तळ्याला, पांढऱ्या सुतळीचं धाकट्याला. मधे कधी थांबायचं तेही सांगितलं. माय शेंगा फोडत होती. बरं, म्हणाली.

मी नाशिकला परतले आणि तळ्याची बातमी फोनवर येत राहिली. यंदा थंडी कडक पडली. चट्टे आले, पण थोड्याच माशांना. आता मोठ्या तळ्यात कमी असतील, या आशेनं दत्ता रोज जाळं टाकून बघायचा, आणि दोन्हीकडे सारखेच निघायचे. थोडे इकडे, थोडे तिकडे, मग तेही सुकले. मेले ते बोटावर मोजण्याइतके. संक्रांत झाल्यावर पहिली काढणी ठरली तेव्हा मी पुन्हा गाडीत बसले. हिवाळ्यात जाणार असाल तर शाल हवीच, लासूरच्या फलाटावर सकाळी वारं झोंबतं.

काढणीच्या दिवशी व्यापारी आपली माणसं आणि मोठं जाळं घेऊन आला. माय सकाळीच खाद्याचं घमेलं पालथं घालून देवीच्या देवळात गेली. काढणीच्या दिवशी ती शेतात थांबत नाही. जाळं ओढलं तसं पाणी खवळलं. मासे निघाले ते काय सांगू, हातात मावेनात असे, खवले उन्हात लखलखणारे. मोठ्या तळ्यातले तसे आणि धाकट्यातलेही अगदी तसेच. सुनंदा बांधावर उभी राहून रडली आणि हसली, दोन्ही एकदम. मीही डोळे पुसले. एकटा दत्ता तोंड पाडून उभा होता. व्यापारी सांगत होता की वैजापूरकडच्या एका तळ्यावर हीच भुकटी अगदी मापानं दिली होती, तरी अर्धे मासे गेले. ते ऐकून दत्ताचा चेहरा आणखी उतरला.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा तो म्हणाला की मॅडमना कळवून टाकतो, भुकटी बेकार आहे, ती न देताही धाकटं तळं तितकंच जगलं. मग मासे जगले कशानं, ते देवाला माहीत. माय देवळातून आली होती आणि वरण वाढत होती.

"न देता जगलं ते कोणतं?" तिनं विचारलं.

"धाकटं. त्याचं पांढऱ्या सुतळीचं पोतं होतं. तुला सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं की. म्या दोन्ही पोत्यांतलं एका घमेल्यात घ्यायची, कालवायची अन् दोन्हीकडं सारखं टाकायची."

कधीपासून, असं त्यानं विचारलं. पहिल्या दिवसापासून, माय म्हणाली. तिनं काही लपवलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. एका बांधाला दोन पंगती बसल्यात, एकीला औषधाचं वाढायचं आणि दुसरीनं नुसतं बघत राहायचं, असला पंक्तिप्रपंच या घरात कधी झाला नाही आणि तिच्या हातून होणारही नाही.

दत्ता कळवळून म्हणाला, "अगं माय, प्रयोग होता तो. एक तळं मेलं असतं, तर कळलं असतं ना."

"कुणाला कळलं असतं?" माय म्हणाली. "मेल्यांना?"

तिनं पळीतलं वरण त्याच्या ताटात ओतलं आणि पुढं सरकली. मला रागही आला होता आणि हसूही, आणि त्या दोन्हींच्या खाली आईचा अभिमान होता, तो कुठं ठेवावा हे समजत नव्हतं. माझ्या, दत्ताच्या आणि मॅडमच्या इतक्या खटपटीवर तिनं एका घमेल्यात पाणी फिरवलं होतं. आणि ज्या धाकट्या तळ्याला आम्ही शहाण्यांनी बेलाशक उघड्यावर सोडलं होतं, त्याला तिनं सोडलं नव्हतं.

संध्याकाळी दत्तानं मॅडमना फोन लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. मायच्या घमेल्याचं ऐकून त्या हसल्या. दोन्हीकडे अर्धी मात्रा गेली, म्हणाल्या. अर्ध्या मात्रेनं वाचले असतील. किंवा यंदा चुना टाकला म्हणून, किंवा मासे कमी सोडले म्हणून. वैजापूरचं का गेलं, ते पाणी बघितल्याशिवाय बोलता येणार नाही. आता पुढच्या थंडीत पुन्हा करून बघायचं. दत्तानं मायकडे पाहिलं. माय वाती वळत होती. म्हणाली की करा की, पण खाद्य टाकायला दुसरं माणूस बघा. कोणाला बघणार, असं दत्तानं मला विचारलं. हा मजकूर लिहीपर्यंत तरी मला कुणी सुचलेलं नाही.

निघताना सुनंदानं पिशवीत एक जड गाठोडं दिलं. मायच्या नजरेआड, वाटेत उघडू नका म्हणाली. मनमाडपर्यंत मला वास छळत होता.

नाशिकला घरी पोहोचले. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग, औषध लागू पडलं का?" मी म्हटलं, मासे जगले. कशानं, ते म्हणाले. मी सगळं सांगितलं, रशीदभाईंचे शरीफ जिवाणू, पशुवैद्यांचा चुना, मॅडमचे पहारेकरी आणि मायची पंगत. सगळं ऐकून ते म्हणाले की मग नेमकं कळलं काय. तुमच्यापैकी कुणी शेततळं करणार असेल आणि मला विचारेल, तर मी हेच सांगेन की कुणाला तरी विचारा, फक्त मला नको.

मग गाठोडं सोडलं. आत डबा होता, तीन कप्प्यांचा, घासून लखलखीत केलेला. वाळूजचा. तिन्ही कप्प्यांत तळलेले रोहूचे तुकडे. मी तसाच सुनंदाला फोन लावला, म्हटलं, अगं, घाईत दत्ताचा कंपनीचा डबा दिलास. पुढच्या खेपेला आठवणीनं आणते.

"राहू द्या आक्का तिकडंच," ती म्हणाली. "इथं आता लागत नाय."